मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

"मुंबईपासून लंडन किती लांब आहे?" हा प्रश्न भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी मला दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. काही मुले म्हणतात, "सात हजार दोनशे किलोमीटर." काही म्हणतात, "नऊ तास." पहिले उत्तर पुस्तकातून आलेले असते. दुसरे उत्तर देणाऱ्या मुलाचा भाऊ, मामा किंवा आत्या बहुधा परदेशी असते. ही दोन उत्तरे एकमेकांशी कितपत जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम अंतराचे पाहू. आपल्या वर्गातील भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून लंडनपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून, बगदादच्या आसपासच्या प्रदेशावरून, तुर्कस्तानच्या दक्षिण भागावरून युरोपात शिरते. ही रेघ सरळ दिसते, पण ती सर्वांत जवळची वाट नव्हे. वाटोळ्या पृथ्वीला सपाट कागदावर आणताना जी ओढाताण होते तिचा हा परिणाम आहे. शास्त्राच्या कपाटात जो पृथ्वीचा गोल आहे तो काढावा, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे लंडनवर आणावे आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा कधी वाकडी वाट धरीत नाही. तो मुंबईहून वायव्येस निघून थेट कराचीवरून जातो, बलुचिस्तान व इराण ओलांडून कॉकेशसच्या डोंगरांकडे वळतो, काळा समुद्र व क्रिमिया मागे टाकून पोलंडच्या दक्षिणेकडून जर्मनीत उतरतो. या वाटेस महावर्तुळाची वाट म्हणतात. नकाशावरच्या रेघेपेक्षा ही सुमारे दोनशे किलोमीटरांनी कमी भरते.

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाक्य लिहितो. मुंबई व लंडनचा हीथ्रो या दोन विमानतळांपासून पृथ्वीच्या मध्यबिंदूपर्यंत रेषा काढल्या तर त्यांमधील कोन सुमारे ६४ अंश ५२ कला इतका होतो. एका कलेस एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, असा हिशेब असल्यामुळे ३,८९२ सागरी मैल, अर्थात सुमारे ७,२१० किलोमीटर, हे उत्तर कोणाही मुलास पाच मिनिटांत काढता येईल. तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर एवढा दोरा सतरा सेंटीमीटर भरतो. त्याच गोलावर मिरज ते मुंबई हे अंतर पाऊण सेंटीमीटरसुद्धा नाही. हा आकडा ध्यानात असू द्यावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता वेळ. मोठे प्रवासी विमान उंचावर गेल्यावर हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. ७,२१० ला ९०० ने भागले म्हणजे आठ तास येतात. मग वेळापत्रकात नऊ, साडेनऊ, कधी दहा तास का छापलेले असतात? याचे एक कारण असे की, विमान आकाशात किती वेळ होते हे वेळापत्रक सांगतच नाही. विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलते तेथपासून दुसऱ्या गावी आपल्या जागी जाऊन थांबते तेथपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. आपल्या मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकाच पट्टीवर काम चालते आणि विमाने ओळीने उभी राहतात. हीथ्रोस दोन समांतर पट्ट्या आहेत खऱ्या, पण गर्दी एवढी की, उतरू पाहणारी विमाने शहराभोवतालच्या चार ठरावीक ठिकाणी एकावर एक अशी घिरट्या घालीत आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. लंडन खिडकीतून दिसत असते आणि उतारू मात्र वर्तुळात फिरत असतो!

दुसरे कारण माणसांचे आहे. दोऱ्याची वाट विमानास नेहमी मोकळी असतेच असे नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटल्यावर युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांस बंद झाले. त्याआधी २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांस पुन्हा बंद करण्यात आले. भूगोलाने दिलेली वाट राजकारण असे मोडते. जमिनीवरच्या सीमा वर आकाशातही असतात आणि त्या ओलांडता आल्या नाहीत तर विमानास वळसा घालावा लागतो. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त तास व कधीकधी मध्येच एक जादा थांबा.

तिसरे कारण घड्याळाचे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील लोक घड्याळ एक तास पुढे करतात, ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा राहतो. दुपारी एक वाजता मुंबईहून निघालेले विमान हिवाळ्यात त्याच दिवशी सायंकाळी साडेपाचला लंडनला पोहोचले, तर भोळा मुलगा वजाबाकी करून साडेचार तास म्हणेल, वास्तविक दहा तास लागलेले असतात. गंमत अशी की, खुद्द मुंबईचे घड्याळ एके काळी निराळे होते. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईकरांनी आपली ग्रीनिचपेक्षा चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे असलेली 'बाँबे टाइम' पुढे किती तरी वर्षे, १९५५ पर्यंत, सोडली नाही. एकोणचाळीस मिनिटांसाठी एवढा हट्ट!

या वाटेचा इतिहासही जाता जाता पाहण्यासारखा आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई आगबोटीने इंग्लंडला गेल्या त्या काळी हा प्रवास आठवड्यांनी मोजीत. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची अशी टपालाची विमाने सुरू झाली. ती सात दिवस घेत, आणि युरोपातील काही टप्पा तर उतारूंना आगगाडीनेच करावा लागे. कराचीस आलेले हे टपाल पुढे मुंबईस आणण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाचे चिमुकले 'पस मॉथ' विमान कराचीहून उडविले, वाटेत अहमदाबादेस उतरून इंधन घेतले व त्याच दिवशी ते जुहूला आणून उतरविले. गोलावरचा आपला दोरा कराचीवरूनच जातो हे मघाशी सांगितले आहे. त्या दोऱ्याचा मुंबईकडील तुकडा हिंदी माणसाने त्या दिवशी प्रथम जोडला असे मला तरी वाटते. पुढे ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले व कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत १० जून रोजी लंडनला पोहोचले. १९६० साली जेट विमाने आली आणि दिवसांचे तास झाले. माझ्या आईचा जन्म १९४८ चा. ती म्हणे, "मी आणि ते विमान एकाच वयाचे."

आईचा उल्लेख आलाच आहे, तर ज्या प्रसंगामुळे हा विषय मला केवळ पाठ्यपुस्तकातला राहिला नाही तो सांगतो.

माझी धाकटी बहीण मिरजेत परिचारिकेचे शिक्षण घेऊन इंग्लंडला गेली व तेथे एका इस्पितळात नोकरीस लागली. २०२३ च्या जानेवारीत आईस फुप्फुसाचा विकार बळावून मिरजेच्या इस्पितळात ठेवावे लागले. एका मंगळवारी रात्री आठच्या सुमारास डॉक्टरांनी मला बाजूस बोलावले. आईचा श्वास अपुरा पडत होता. घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावयाचा की नाही, हे ठरविण्याची वेळ आली होती. नळी घातली तर पुष्कळ काळ निभावता येईल, पण मग बोलता येणार नाही, आणि या वयात ती पुन्हा निघेलच याचा भरवसा देता येत नाही. न घातली तर नुसत्या प्राणवायूवर किती वेळ निभेल हेही सांगता येत नाही. "तुमची बहीण किती तासांत येथे पोहोचेल?" त्यांनी विचारले.

भ्रमणध्वनीवर पाहिले तर एका क्षणात उत्तर आले असते की, लंडन ते मुंबई, ७,२०० किलोमीटर, साडेआठ तास. पण डॉक्टरांचा प्रश्न दोन विमानतळांविषयीचा नव्हता. तो तिच्या दारापासून आईच्या खाटेपर्यंतचा होता. मी बहिणीशी बोललो. रात्री नऊच्या विमानात तिला जागा मिळत होती. त्यासाठी दुपारी चारला, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला, तिला घर सोडावे लागणार होते. विमानतळावर तीन तास आधी, मग पावणेनऊ ते नऊ तास विमान, मग पासपोर्ट व सामान यांसाठी तासभर, आणि मग मुंबई ते मिरज. कोल्हापूरला विमानतळ आहे आणि तेथवर मुंबईहून विमानही येते, परंतु त्या दिवशी वेळ जुळेना. म्हणून मोटार. कागदावर बेरीज करून मी डॉक्टरांना सांगितले, "उद्या रात्री नऊ. पंचवीस तास धरा."

डॉक्टर काही बोलण्याच्या आतच आईने हात हलवून मला जवळ बोलाविले. तिने सर्व ऐकले होते. "नळी नको," ती म्हणाली. "किती वाजता म्हणालास? नऊ? मी थांबते."

ती रात्र मी बाकावर बसून काढली. विमान कोठे आहे हे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एका लहानशा पिवळ्या चित्राने दिसते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पहाटे तीन वाजून पाच मिनिटांनी ते चित्र हीथ्रोवरून उठले. जर्मनी, हंगेरी, रुमानिया अशी नावे एकामागून एक खालून सरकत होती. सहाच्या सुमारास आई जागी झाली व तिने पहिला प्रश्न केला, "धाकटी कुठवर आली रे?"

मी म्हणालो, "काळ्या समुद्रावर."

तिला ते नाव ओळखीचे नसावे. तिचे सारे भूगोलज्ञान शास्त्रवचनांतून आलेले होते. तिला हंगेरी ठाऊक नव्हती, पण निनवे ठाऊक होती, फरात नदी ठाऊक होती. म्हणून पाऊण तासाने विमान तुर्कस्तानचा पूर्वेकडील टोकाचा प्रदेश ओलांडू लागले तेव्हा मी तिला सांगितले, "आई, आता अरारातजवळ आहे. जलप्रलयानंतर नोहाचे तारू टेकले तो डोंगर." तिचा चेहरा एकदम खुलला. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "म्हणजे आता उताराला लागली."

भूगोलाचा शिक्षक या नात्याने मला हे सांगितले पाहिजे की, ते उत्तर फारसे चूक नव्हते. गोलावरील दोऱ्याचा मध्यबिंदू ४१ अंश उत्तर अक्षांश व ४५ अंश पूर्व रेखांश यांच्या जवळपास, म्हणजे अरारातपासून दीडदोनशे किलोमीटरांवरच पडतो. हवेतील अर्धी वाट तेथे सरते.

त्यानंतर इराण आला. इराण पुष्कळ मोठा देश आहे, हे त्या सकाळी मला जितके जाणवले तितके वीस वर्षे शिकवूनही जाणवले नव्हते. पाठचा वारा मिळून विमान जमिनीवरून ताशी हजार किलोमीटरांनी धावत होते, तरी ते चित्र हलता हलत नसे. साडेनवाच्या सुमारास ते समुद्रावर आले आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी मुंबईस टेकले. आकाशात बरोबर आठ तास. आईस हे सांगितले तेव्हा परिचारिका तिचा प्राणवायू तपासत होती. ती म्हणाली, "आल्याच की मग!"

आल्या कोठून! साडेबारास मोटार विमानतळावरून सुटली. तेथून मिरज रस्त्याने चारशे किलोमीटरांच्या आतच, गोलावर पाऊण सेंटीमीटरसुद्धा नाही असे जे मघाशी सांगितले तेच अंतर. दोन वाजता बहिणीचा निरोप आला की, खंडाळ्याच्या घाटात एक मालमोटार बंद पडली असून गाड्या हलत नाहीत. मी आईला ते सांगावयास नको होतो असे कोणी म्हणेल. पण तिला खोटे सांगण्याची आमच्या घरी चाल नव्हती. काळा समुद्र, अरारात, इराण हे सर्व जिने शांतपणे ऐकून घेतले होते ती आई आता चिडली. "इराण ओलांडला आणि खंडाळ्याला अडकली?" एवढे बोलताना तिला दोनदा थांबावे लागले. तिसऱ्या प्रहरी तिचा श्वास फारच उथळ झाला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. त्यांनी नळीचा प्रश्न पुन्हा काढला नाही, फक्त "कोठवर?" एवढेच विचारीत. मी पुणे म्हणालो, मग सातारा म्हणालो, मग कऱ्हाड. सातारा-कऱ्हाडच्या दरम्यान त्यांनी आपली घरी जाण्याची वेळ टाळली, हे मला मागाहून कळले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती आली. विमानातील थंडीसाठी घेतलेला लोकरी कोट अंगात तसाच होता. मोटारीत तिला आठ तास चाळीस मिनिटे लागली होती. सात हजार किलोमीटरांस आठ तास आणि चारशेस त्याहून चाळीस मिनिटे अधिक! आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले व माझ्याकडे पाहून म्हणाली, "दहा मिनिटं उशीर." नंतर दोघी मायलेकी पुष्कळ वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही, कारण मी बाहेर बाकावर झोपी गेलो होतो.

आई त्यानंतर पाच दिवस होती. पाचही दिवस बोलत होती.

तिची माती झाल्यावर दोन आठवड्यांनी बहीण परत निघाली. जाताना विमानास जमिनीवर दाराशी थांबण्याचा वेळ धरून दहा तास लागले. येताना ज्या वाऱ्याने मदत केली होती तोच आता समोरून येत होता. तीस-चाळीस हजार फूट उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा झोत हिवाळ्यात विशेष प्रबळ असतो. येथे एक उदाहरण वरच्या वर्गातील मुलांनी सोडवून पाहावे. वाट ७,४०० किलोमीटर धरा, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वाऱ्याचा १००. येताना ताशी १,००० च्या वेगाने ७ तास २४ मिनिटे लागतील. जाताना ताशी ८०० च्या वेगाने ९ तास १५ मिनिटे. दोन्ही मिळून १६ तास ३९ मिनिटे. वारा मुळीच नसता तर जाण्यायेण्यास १६ तास २७ मिनिटे पुरली असती. येताना जेवढे दिले त्याहून बारा मिनिटे अधिक वारा जाताना काढून घेतो. असे का होते, हे उत्तर मी येथे देत नाही. ज्याला हवे असेल त्याने मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत यावे.

त्या रात्रीही मी पिवळे चित्र पाहत बसलो होतो. इराणावरून पश्चिमेकडे जाताना ते येतानाहूनही सावकाश सरकत होते. लंडनला पोहोचल्यावर बहिणीने कळविले की, तेथे रात्रीचे दहा वाजले आहेत आणि पाऊस पडतो आहे. मिरजेत तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते.